तुसाचे साहेब

आमच्या साहेबांच्या पँटच्या डाव्या खिशात कायम भाताचं तूस असायचं. बांधकाम खात्यातला उपअभियंता, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतले कितीतरी रस्ते हाताखाली, अशा माणसाच्या खिशात जीपची किल्ली असावी, तंबाखूची डबी असावी, गेला बाजार एखाद्या ठेकेदाराने दिवाळीला दिलेलं पेन असावं. साहेब रुमाल काढायला हात घालायचे आणि रुमालाबरोबर तूस बाहेर यायचं. मंचरला एका लग्नाच्या पंगतीत ते असंच शेजारच्या माणसाच्या जिलेबीवर पडलं. तो माणूस जिलेबीकडे बघतोय, साहेबांकडे बघतोय. साहेबांनी आपल्या पानातली जिलेबी शांतपणे उचलून त्याच्या पानात ठेवली, त्याची तुसाची जिलेबी आपण घेतली, फुंकर मारली आणि खाल्ली.

घोडेगावच्या भातगिरणीतून ते पोतंभर तूस आणून ठेवत. गिरणीवाल्याचा बरेच दिवस समज होता की साहेबांनी कोंबड्या पाळल्या आहेत.

मी जुन्नरला कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. रुजू व्हायला गेलो तो श्रावणातला दिवस, बाहेर पाऊस धरून राहिलेला. साहेबांनी माझी कागदं बघितली नाहीत, चहा विचारला नाही. म्हणाले, "छत्री ठेवा इथंच. छत्रीत वरचं पाणी दिसत नाही." आणि मला जीपमध्ये घालून येडगावच्या बाजूला रस्त्याखालच्या एका मोरीपाशी नेलं. स्वतः घोंगडीची खोळ घेऊन उभे, मी माझ्या नव्या शर्टात उभा. त्यांनी खिशातून मूठ काढली, रस्त्याच्या वरच्या अंगाला वाहत्या पाण्यात तूस सोडलं आणि म्हणाले, "बघा." मी बघितलं. तूस वाहत मोरीपर्यंत गेलं, तिथे जरा घुटमळलं, मग मोरीत न शिरता रस्त्याच्या कडेकडेने पुढे जाऊन एका शेतकऱ्याच्या कांद्याच्या रोपात घुसलं. "मोरी कुणी बांधली असेल?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ज्याने बांधली त्याला पाणी कळलं नाही. साहेब म्हणाले, "मीच बांधली. उन्हाळ्यात येऊन जागा ठरवली होती." आणि पहिल्यांदा हसले. मी त्या दिवशी तापाने फणफणलो, पण माणूस मनात बसला.

ती मोरी चुकल्यापासून त्यांनी उन्हाळ्यातली पाहणी मोडीत काढली होती. साऱ्या खात्यात रस्त्यांची आखणी एप्रिल-मे महिन्यात व्हायची, कारण तेव्हा जीप कुठेही जाते आणि साहेब लोकांचे बूट स्वच्छ राहतात. आमच्या साहेबांचं म्हणणं असं की कोरड्या जमिनीवर आखलेला रस्ता म्हणजे मुलगी न बघता ठरवलेलं लग्न. त्यामुळे आम्ही पावसाळाभर भिजायचो आणि उन्हाळ्यात कागद रंगवायचो. इतर उपविभागांतले सहकारी आम्हाला बेडूक म्हणायचे.

साहेब मूळचे अवसरी बुद्रुकचे, शेतकऱ्याघरचे. वरिष्ठांशी बोलताना छापील मराठी, पण गावात शिरले आणि चार माणसं भोवती जमली की त्यांची भाषा आपोआप सैल व्हायची. कुठल्याही गावात पहिला प्रश्न एकच. रामराम झाला की, "पावणं, पाणी कुठनं येतं आन् कुठनं जातं?" प्रश्न आमदारालाही तोच आणि गुराख्यालाही तोच. एकदा एका नातेवाइकाच्या घराच्या वास्तुशांतीला गेले आणि सत्यनारायणाच्या पूजेच्या वेळी गच्चीवर जाऊन पन्हाळी तपासत बसले. वहिनी खाली एकट्याच तीर्थ घेऊन बसलेल्या. वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. धुण्याच्या प्रत्येक घमेल्यात तूस तरंगायचं म्हणून त्या मनापासून वैतागलेल्या असत. मला म्हणायच्या, "तुम्हीच सांगा हो त्यांना. मला पाण्यातलं काही कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही." मी काय सांगणार? तोवर माझ्याही खिशात तूस आलं होतं.

पण ही नुसती लहर नव्हती. हवामान बदल वगैरे शब्द तेव्हा आमच्या कार्यालयात कुणी उच्चारत नव्हतं. साहेबही उच्चारत नसत. ते म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचे आणि विचारायचे की तुमच्या लहानपणी वळचणीची धार किती दिवस तुटत नव्हती, आणि आता किती टिकते. सगळीकडून उत्तर सारखंच यायचं. पूर्वी झिमझिम लागून राहायची, जमीन पीत राहायची. आता महिना महिना ऊन आणि मग एका दुपारी आभाळ उपडं होतं. साहेब म्हणायचे, पाऊस तेवढाच असेल, त्याची पडायची रीत मोडली आहे. मोऱ्यांची मापं ठरवायची आपली कोष्टकं मात्र जुन्या रीतीची.

आणि त्यांची खरी काळजी रस्त्याची नव्हतीच. रस्ता वाहून गेला तर पुन्हा करता येतो, त्याचं ते फार मनाला लावून घेत नसत. आमच्या भागात डोंगर कोरून केलेली लेणी आहेत, घाटमाथ्यावर पाण्याची टाकी आहेत, गावोगावी बारवा आहेत, बांधाला टेकून उभे वीरगळ आहेत. एकदा लेण्यांच्या पायथ्याशी बसून भाकरी खाताना ते म्हणाले, "ह्या दगडांनी एवढी शतकं पाऊस अंगावर घेतला. तो विखरून पडत होता म्हणून निभावलं. आता पाऊस माजलाय, आणि आपण भराव घालून त्याला गोळा करतोय आणि एका मोरीतून थेट ह्यांच्या छातीवर सोडतोय." भाकरी तशीच हातात राहिली होती. मला तेव्हा त्यांची भीती वाटली आणि अभिमानही वाटला.

आहुप्याला एका रस्त्याच्या पाहणीला गेलो होतो. आखणी देवराईच्या कडेने जात होती. साहेबांनी देवराईच्या तोंडाशी बूट काढले, मग आम्हा सगळ्यांना काढायला लावले, आणि तिवई, दुर्बीण खांद्यावर घेऊन आम्ही अनवाणी आत. जळवा चिकटल्या, काटे मोडले, आणि बरोबरचा ठेकेदार तर रडकुंडीला आला. आत पाऊस ऐकू येत होता, अंगावर मात्र थेंब थेंबच पडत होता. साहेब बराच वेळ एका जागी उभे राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी आखणीची रेघ खोडून लांबच्या उतारावरून काढली. रस्ता लांबला म्हणून वरून विचारणा झाली, त्यांची बढती आणखी एकदा पुढे ढकलली गेली. त्यांनी वहिनींना ते सांगितलंच नाही. वहिनींना ते माझ्याकडून कळलं.

असा हट्टी माणूस हाताखालच्या लोकांना सुखाचा नसतो. फायली उशिरा निघायच्या. पावसाळ्यात रजा मिळायची नाही. कुणी मोरीची जागा चुकीची दाखवली की साहेब ओरडत नसत, त्याला त्या मोरीपाशी उभं करून पुढच्या सरीची वाट बघायला लावत.

आता त्या वाकड्या रस्त्याचं सांगतो. गावाचं नाव घेत नाही, कारण तिथली माणसं माझी आहेत आणि त्यांना चेष्टा खपत नाही. येडगावच्या पलीकडे, ओढ्याकाठचं गाव. वर उघडा माळ, खाली ओढा आणि दोन्हींच्या मध्ये उतारावर एक जुनी बारव. घडीव काळा दगड, तीन बाजूंनी उतरत गेलेल्या पायऱ्या, आणि तळाशी कोनाड्यात शेंदूर लावलेल्या, पाणी राखणाऱ्या साती आसरा. गावात नवं जोडपं आलं की घरात पाऊल टाकण्याआधी बारवेत उतरून आसरांना नमस्कार करतं. उन्हाळ्यात बायका अजून तिथूनच पाणी भरत.

गावाला डांबरी रस्ता मंजूर झाला, एसटी येणार म्हणून लोक हरखले. वरच्या कार्यालयातून मंजूर होऊन आलेली आखणी अगदी सरळ होती, बारवेच्या वरच्या अंगाने, उंच भरावावरून, मध्ये एक मोरी. ती मोरी नेमकी बारवेच्या समोर. साहेबांनी ती बघितली आणि काम थांबवलं. त्यांचं म्हणणं होतं की रस्ता बारवेच्या खालून, वळसा घालून न्यायचा, आणि बारवेच्या वर दगडी फरसबंदीची एक रुंद, उथळ पन्हळ करायची, म्हणजे माळाचं पाणी बारवेला न शिवता बाजूने ओढ्याला जाईल.

गाव खवळलं. गावाच्या वतीने बोलायला तात्या होते. कांद्याचे मोठे बागायतदार, आवाज खणखणीत, आणि वळशाचा रस्ता बरोब्बर त्यांच्या बांधावरून जाणार. चावडीवरच्या बैठकीत ते म्हणाले की शेजारच्या सगळ्या गावांना सरळ रस्ते आणि आम्हालाच वाकडा, आम्ही काय पाप केलंय? साहेबांनी वाद घातला नाही. उतारावर आखणीसाठी ठोकलेल्या खुंट्यांच्या रेषेत मजुरांकडून बोटभर उंचीचा मातीचा बांध घालून घेतला, मोरीच्या जागी फट ठेवली, आणि रोलरबरोबर असतो तो पाण्याचा टँकर माळावर चढवून तोटी सोडली. मग खिशातलं आणि पोत्यातलं तूस त्या पाण्यावर उधळलं.

सारा गाव बघत होता. आधी पाणी उतारभर पसरलं, बांधाला अडलं, बांधाच्या कडेकडेने फटीकडे धावलं, आणि फटीतून जे सुटलं ते तूस घेऊन धडाधड बारवेच्या पायऱ्या उतरत गेलं. आसरांच्या पायाशी तुसाचा थर तरंगायला लागला. मग तात्यांच्या पत्नी पुढे आल्या, कमरेवर रिकामी कळशी.

"सायेब, समजलं आमाला," त्या म्हणाल्या. "पर आमी हे पाणी पितो. आता तुमीच काढा हे."

साहेबांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, कुणाच्या तरी घरून पिठाची चाळणी मागवली आणि बारवेत उतरले. दोन तालुक्यांच्या रस्त्यांचा धनी उकिडवा बसून चाळणीने तूस काढतोय, आणि काठावर बायका उभ्या राहून अजून तिकडं राहिलंय, अजून इकडं राहिलंय म्हणून दाखवतायत. ऊन कलेपर्यंत ते खाली होते. मला वाटतं, गावाचं मन टँकरने वळलं नाही, त्या चाळणीने वळलं.

साहेब ओल्या पँटने वर आले तेव्हा तात्या बांधावर बसले होते. म्हणाले, "बांध घ्या माझा. पर येक सांगून ठिवतो. पुढं कदी बारवंत काडी जरी गेली ना, तुमाला सोडणार न्हाई."

"नका सोडू," साहेब म्हणाले. "पर मलाबी वचन द्या. ती पन्हळ हाय ना, ती मोकळी ठिवायची. तिथं काय बी करायचं न्हाई."

रस्ता झाला. एसटीचे ड्रायव्हर त्या वळणावर साहेबांच्या नावाने शिव्या घालायचे, आणि पुण्याहून आलेल्या मोठ्या साहेबांनी हा कुणी झिंगून आखलाय का, असं विचारलं. पण गावाने वचन पाळलं. पन्हळीत कुणी गुरं बांधली नाहीत, शेणाचा ढीग घातला नाही, लग्नाचा मांडवही टाकला नाही. एवढी मोठी, सपाट, फरसबंद जागा, एसटीतून उतरल्या उतरल्या दिसणारी, आणि रिकामी. लोक तिला सायेबांची जागा म्हणायला लागले.

साहेब निवृत्त होऊन अवसरीला राहायला गेले. पुढे एका पावसाळ्यात पलीकडच्या गावची बारव एका दुपारच्या पावसात गाळाने काठोकाठ भरली. तिच्या वरून सरळ, देखणा रस्ता जात होता. वाकड्या रस्त्याच्या गावचे लोक तो गाळ बघायला गेले आणि परतताना आपली बारव बघून आले. तेव्हा तात्या सरपंच होते. त्यांनी ठरवलं की साहेबांचं काहीतरी केलं पाहिजे.

मला निमंत्रण आलं ते साहेबांना घेऊन या म्हणून. मी त्यांना गाडीत घालून नेलं. साहेब थकले होते, एक गुडघा धरत होता, पण धुतलेला सदरा घातला होता. वहिनींनी खिसे झटकून दिले असणार, तरी ते वाटेत एका भातगिरणीपाशी थांबा म्हणाले. गावाच्या वेशीवर हलगी, बायका ओवाळायला उभ्या, तात्यांनी स्वतःच्या हाताने साहेबांना फेटा बांधला. आणि मग आम्हाला मिरवत बारवेकडे नेलं.

पन्हळीच्या ऐन मध्यावर आडवा एक कट्टा उभा होता. चांगला हातभर उंच, वर चकचकीत फरशी, कट्ट्यावर उभा केलेला काळा दगड आणि दगडावर सोनेरी अक्षरांत साहेबांचं नाव. खाली लिहिलेलं, बारवेचे रक्षणकर्ते.

मी साहेबांच्या खिशाकडे बघितलं. पण गावाचं तरी काय चुकलं? सायेबांची जागा म्हणून त्यांनी ती जपली, मुलाबाळांना तिथे खेळू दिलं नाही. मग सायेबांचं नाव दुसरीकडे कुठे लावणार? तात्या हात जोडून उभे होते, डोळे भरलेले. त्यांनी स्वतः त्या कट्ट्याचे दगड वाहिले होते, हे मला मागाहून कळलं.

साहेब वरच्या अंगाला चालत गेले. एका बाईच्या डोक्यावरची स्वागतासाठी आणलेली पाण्याची घागर मागून घेतली, पन्हळीत ओतली आणि खिशातून मूठ काढली. हलगी थांबली. तूस फरसबंदीवरून खाली आलं, कट्ट्याला अडलं, गोल फिरलं, आणि कट्ट्याच्या कडेने वळून बारवेच्या पायऱ्यांकडे निघालं. पाणी थोडंच होतं, पहिल्या पायरीच्या अलीकडे जिरलं. पण सगळ्यांनी बघितलं.

"तात्या," साहेब हळू आवाजात म्हणाले, "पहार हाय का?"

"सायेब, तुमचं नाव हाय त्याच्यावर."

"माझ्या नावानं बारव बुडायला नको, तात्या. तुमीच म्हणला व्हता, सोडणार न्हाई म्हणून."

तात्यांच्या तोंडावरून एकामागून एक किती भाव गेले ते मी बघितले. राग आला, अपमान वाटला, मग काहीतरी विरघळलं. त्यांनी डोक्याचा फेटा काढून बायकोच्या हातात दिला आणि पहिला घाव स्वतः घातला. दुसरा घालायला साहेब पुढे झाले तर लोकांनी त्यांना धरून बसवलं. फोडणारे रडत होते. मीही रडलो, सांगायला लाज कसली? उद्घाटनाला यायचे आमदार तास दोन तास उशिरा आले तेव्हा तिथे डबर पडलेलं होतं आणि धूळ होती. त्यांनी मग एसटीच्या फेऱ्या वाढवण्यावर भाषण केलं.

काळा दगड तेवढा शाबूत निघाला. तो कुठे ठेवायचा म्हणून चर्चा सुरू झाली तेव्हा साहेब म्हणाले की दगड चांगला आहे, वाया घालवू नका, पन्हळीत जिथली फरशी तुमच्या कट्ट्याने उखडली तिथे बसवा. आणि नाव खाली करून बसवा. वर असलं तर लोक पाय द्यायला बिचकतील. तसंच केलं. मग पुरणपोळीचं जेवण झालं आणि साहेबांनी लोकांच्या आग्रहाखातर चार पोळ्या खाल्ल्या.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब गेले. झोपेतच गेले. मी अवसरीला जात राहिलो, वहिनी एकट्या होत्या म्हणून आणि मलाही करमत नव्हतं म्हणून.

परतीच्या पावसाने त्या वर्षी जुन्नरच्या पूर्व भागात हाहाकार केला. एका दुपारी ढग फुटला, ओढ्यांनी शेतं खरवडून नेली, आमचे दोन पूल गेले. मी पंचनामे करत हिंडत होतो. चौथ्या दिवशी वाटेत वहिनींकडे टेकलो होतो, तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. तात्या. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेले. त्यांचा कांदा सगळा वाहून गेला होता, हे मला माहीत होतं. ते उंबऱ्याशीच उभे राहिले, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि वहिनींना म्हणाले, "वहिनी, बारवंत काडी बी गेली न्हाई. सायेबांना सांगायला आलतो."

वहिनी आत गेल्या, पाण्याचा तांब्या आणून तात्यांपुढे ठेवला. तात्या ओट्यावर टेकले. मग वहिनी त्यांच्यासमोर खाली बसल्या आणि त्यांनी विचारलं, "मग पाणी कुठनं गेलं?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. तांब्यात बोट बुडवलं आणि ओट्याच्या शहाबादी फरशीवर रेघ ओढायला लागले. हा माळ, वहिनी. हितनं आलं, लई जोरात आलं. हे सायेबांच्या दगडावरनं गेलं. ही बारव, हिच्या अंगाला लागलं न्हाई. ह्यो ओढा.

ऊन होतं. रेघ वरच्या टोकाकडून वाळत खाली आली. ती पुरती वाळेपर्यंत वहिनी वाकून बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "पुन्हा एकदा काढा."